चिकचा नियम आणि चिकबाई

थर्ड इयरला एन्व्हायर्न्मेंटलच्या पेपरमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. डिसइन्फेक्शनचा 'चिक्स लॉ' लिहा आणि सूत्र काढून दाखवा. पाण्यात क्लोरीन टाकलं की दर मिनिटाला सारखेच जंतू मरत नाहीत. त्या क्षणी जेवढे जिवंत शिल्लक आहेत त्यांचा ठरावीक हिस्सा मरतो. म्हणून शिल्लक जंतूंचा लॉग आणि वेळ यांचा ग्राफ काढला की सरळ रेषा मिळते. मीही हे पी.एल.मध्ये रात्री दोन वाजता चहाच्या जोरावर पाठ केलं, पेपरात ओकलं आणि विसरून गेलो. चिक म्हणजे कोणी मिशाळ इंग्रज साहेब असणार, एवढंच डोक्यात होतं.

परीक्षेनंतर सुट्टीत घरी गेलो तर ताई बाळंतपणासाठी माहेरी आलेली. बाळ दीड महिन्याचं. डॉक्टरांनी त्याला रोज 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगितले होते आणि त्यावरून घरात दोन पार्ट्या पडल्या होत्या. आजीचं म्हणणं असं की तिने पाच पोरं तेल चोळून कोवळ्या उन्हात वाढवली, एकाच्याही पायाला बाक आला नाही, मग ऊन फुकट मिळत असताना बाटली कशाला? ताईचं म्हणणं, डॉक्टरांनी सांगितलंय तर द्यायचं. मी इंजिनिअर होणार म्हणून दोघींनी मला पंच नेमलं.

पंचाला काहीच माहीत नव्हतं! म्हणून शोधायला बसलो आणि मुडदूस या रोगाच्या इतिहासात तासाभरातच पुन्हा तेच नाव समोर आलं. चिक. आधी वाटलं, दुसरे कोणीतरी असतील. मग तारखा आणि संस्था जुळवून पाहिल्या. व्यक्ती तीच. फक्त त्या साहेब नव्हत्या, बाई होत्या. डेम हॅरिएट चिक. त्यांची गोष्ट कळल्यावर एकट्यापाशी ठेववेना, म्हणून हा लेख.

हॅरिएट चिक यांचा जन्म ६ जानेवारी १८७५ चा, लंडनचा. वडिलांचा लेसचा व्यापार. घर मेथडिस्ट पंथाचं, म्हणजे शिस्त कडक. रोज सकाळी प्रार्थना, थंड पाण्याने आंघोळ, आणि चैनीला बंदी. (आपल्या होस्टेलला गीझर बंद पडला की आपण जो आरडाओरडा करतो तो त्या घरात चालला नसता.) पण याच कडक घराने एक गोष्ट त्या काळाच्या मानाने फार पुढची केली. सात मुली होत्या आणि त्यांना विज्ञान चांगलं शिकवणाऱ्या शाळेत घातलं. त्यांतल्या बहुतेक जणी पुढे विद्यापीठापर्यंत शिकल्या. हॅरिएटची एक बहीण एडिथ वनस्पतिशास्त्रज्ञ झाली. तिचे यजमान आर्थर टॅन्स्ली म्हणजे ज्यांनी १९३५ मध्ये 'इकोसिस्टिम' हा शब्द दिला ते. म्हणजे आपल्या सिलॅबसमधले दोन टॉपिक एकाच कुटुंबातले निघाले!

त्या वेळी केंब्रिजमध्ये बायकांना शिकता यायचं, पण पदवी मिळायची नाही. ती मिळायला १९४८ साल उजाडलं. लंडन विद्यापीठाने मात्र १८७८ पासूनच बायकांना पदवीसाठी दार उघडलं होतं. हॅरिएट तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकल्या, मग शिष्यवृत्ती मिळवून व्हिएन्ना आणि म्युनिचच्या हायजीन इन्स्टिट्यूटमध्ये काम करून आल्या. विषय होता घाण पाण्यात वाढणारं हिरवं शेवाळ. आज क्लोरेल्लाच्या गोळ्या आरोग्याच्या नावाखाली विकल्या जातात. त्यांतल्या एका जातीचं 'पायरेनॉयडोसा' हे नाव चिकबाईंनी १९०३ मध्ये दिलेलं आहे. या कामावर १९०४ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

१९०५ मध्ये त्यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या एका संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. ही त्या काळी जंतुशास्त्रातली मोठी संस्था. तिथे तोवर अशा जागेवर एकही बाई नेमलेली नव्हती. अर्ज आल्यावर स्टाफमधले दोघे जण संचालकांकडे गेले आणि बाईला घेण्याचा वेडेपणा कृपा करून करू नका अशी विनवणी केली. संचालक होते चार्ल्स मार्टिन. त्यांनी विनवणी ऐकून घेतली आणि बाईंना नेमलं. हे मार्टिन आपल्याला अगदीच परके नाहीत. प्लेगचा अभ्यास करायला लिस्टरची जी माणसं त्याच सुमारास मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत आली होती, त्या कामात ते पुढे होते. परळची ती प्रयोगशाळा म्हणजे आजची हाफकिन संस्था.

लिस्टरमध्ये पहिल्या तीन वर्षांतच चिकबाईंनी ते काम केलं जे आपण घोकतो. कार्बोलिक आम्लात म्हणजे फिनॉलमध्ये जंतू ठेवायचे, ठरावीक वेळाने थोडे काढून किती जिवंत आहेत ते मोजायचे, आणि आकडे मांडायचे. त्यातून १९०८ चा चिकचा नियम निघाला. त्याच वर्षी मार्टिन आणि त्यांनी मिळून जंतुनाशक तपासण्याची एक पद्धतही काढली. त्याआधीच्या परीक्षेत औषध स्वच्छ पाण्यात तपासत असत. स्वच्छ पाण्यात कुठलंही औषध हुशारच ठरतं! पण औषध वापरायचं असतं गटारात, संडासात, रोग्याच्या खोलीत. म्हणून या दोघांनी परीक्षेच्या मिश्रणात चक्क वाळवलेली विष्ठा घातली. बऱ्याच नावाजलेल्या औषधांची ताकद तिथे एकदम उतरली. प्रयोग खऱ्या जगासारखा ठेवायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही सवय त्यांना इथे लागली असं मला वाटतं. पुढच्या गोष्टीत हीच सवय कामाला आली.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. सुरुवातीला लिस्टरमध्ये सैन्यासाठी सीरम तयार करण्याचं काम होतं. पण लवकरच वेगळीच अडचण पुढे आली. सैनिक गोळीपेक्षा जेवणाने आजारी पडू लागले. मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये कूट या गावी डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ ब्रिटिश आणि हिंदी फौजेला तुर्कांनी वेढलं होतं. तिथे गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला आणि आपल्या हिंदी सैनिकांना स्कर्व्ही. दोन्ही रोग अन्नात काहीतरी सूक्ष्म गोष्ट कमी असल्याने होतात हे तोवर लक्षात आलं होतं, पण ती गोष्ट कशात किती आहे याचा तक्ता कोणाकडे नव्हता. चिकबाई आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट ह्यूम यांनी एकेक पदार्थ प्राण्यांना खाऊ घालून तो तक्ता करायला घेतला. कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखण्याची ताकद जवळजवळ नसते, पण त्यांना मोड आले की ती येते, हे त्यांच्या गटाने १९१९ मध्ये मोजून दाखवलं. मेसमध्ये मटकीची उसळ आली की तोंड वाकडं करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!

आता मुख्य गोष्टीकडे. मुडदूस हा लहान मुलांच्या हाडांचा रोग. पायाला बाक येतो, मनगटं जाड होतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात, टाळू वेळेवर भरत नाही. मुलींच्या बाबतीत कंबरेचं हाड वाकडं झालं तर पुढे बाळंतपणात जिवावर बेतायचं. सिव्हिलवाल्यांना समजेल असं सांगायचं तर हाड म्हणजे आर.सी.सी. आतला प्रथिनांचा सांगाडा म्हणजे सळ्या, आणि त्यात भरलेलं कॅल्शियम-फॉस्फेट म्हणजे काँक्रीट. मुडदुसात सळ्या बांधलेल्या असतात, शटरिंग लागलेलं असतं, पण काँक्रीट पडतच नाही. आणि पोर उभं राहायला लागलं की वरून लोड येतो. मग कॉलम वाकणारच.

हे कशाने होतं यावर तेव्हा डॉक्टरांत मोठा वाद होता. ग्लासगोचे लोक म्हणत, कोंदट घरं आणि हालचाल नसणं हे कारण. लंडनला एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ मध्ये कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून सांगितलं की कारण अन्नात आहे आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं की रोग टळतो. त्याच वर्षी बर्लिनला कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील किरणांखाली बसवलं आणि तीही मुलं बरी झाली. शिवाय हा संसर्गजन्य रोग असावा असं मानणारेही होते. म्हणजे तेल, ऊन, हवा आणि जंतू असे चार पक्ष. प्रत्येकाकडे थोडा थोडा पुरावा, आणि कोणी कोणाचं ऐकायला तयार नाही. आमच्या घरात निदान दोनच पार्ट्या होत्या.

१९१९ मध्ये चिकबाई आणि ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर एल्सी डॅलिएल यांना व्हिएन्नाला पाठवण्यात आलं. युद्ध हरल्यावर त्या शहराचे फार हाल होते. दूध नाही, चरबी नाही, कोळसा नाही. मुलं सगळीकडे मुडदुसाने वाकलेली. मोठ्या माणसांचीही हाडं मऊ पडत होती, चालताना दुखायची. गंमत म्हणजे जर्मन भाषेत मुडदुसाला 'इंग्रजी रोग' असं नाव होतं. त्या रोगाचा अभ्यास करायला इंग्लंडहून बायका आल्या, आणि त्याही कालपर्यंत शत्रू असलेल्या देशातून. चिकबाईंचं वय तेव्हा ४४. पुढे मार्गारेट ह्यूम, बालरोगतज्ज्ञ हेलन मॅके आणि हॅना हेंडरसन स्मिथ याही येऊन मिळाल्या. सगळा गट बायकांचा.

तिथल्या विद्यापीठाच्या बालरुग्णालयाचे प्रमुख होते क्लेमेन्स फॉन पिर्के. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ मध्ये ज्यांनी दिला ते हेच. आहाराचं त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. दुधाच्या एककात प्रत्येक पदार्थाचं पोषण मोजायचं आणि मुलाच्या अंगाप्रमाणे द्यायचं. उपाशी व्हिएन्नातल्या लाखो मुलांना अमेरिकेच्या मदतीतून जेवण वाटण्याचं काम त्यांनी याच हिशोबाने चालवलं. पण त्या हिशोबात कॅलरी होत्या, जीवनसत्त्वं नव्हती. त्यांचा जीवनसत्त्वांवर फारसा विश्वास नव्हता आणि मुडदूस संसर्गाने होतो असं त्यांना वाटायचं. तरीही त्यांनी या पाहुण्या बायकांना वॉर्ड दिला, नर्सेस दिल्या, एक्स-रे दिला. स्वतःचं मत खोटं ठरवायला आलेल्यांना जागा देणं, हे किती जणांना जमतं?

मग चिकबाईंनी फिनॉलच्या वेळची शिस्त इथे आणली. अगदी लहान बाळं घेतली. वॉर्ड एक, नर्सेस त्याच, स्वच्छता तीच, हवा-उजेड तोच. फरक फक्त खाण्यात. एका गटाला रुग्णालयाच्या नेहमीच्या पद्धतीचा आहार, दूध आणि साखर, पोटभर. दुसऱ्या गटाला पूर्ण सायीचं दूध आणि वर कॉडलिव्हर ऑइल. आणि हे एका ऋतूपुरतं नाही. हिवाळा, उन्हाळा, पुन्हा हिवाळा. प्रत्येक बाळाच्या हाडांचे ठरावीक दिवसांनी एक्स-रे. ते काम हान्स विम्बर्गर हे डॉक्टर करायचे. हाडाचं टोक झिरझिरीत दिसलं की मुडदूस, आणि तिथे पांढरी रेघ उमटली की कॅल्शियम भरू लागलं. म्हणजे मत विचारायचं कामच नाही. फिल्म उजेडासमोर धरा आणि बघा.

निकाल काय आला? हिवाळ्यात पहिल्या गटातल्या बऱ्याच बाळांना मुडदूस झाला. तेल मिळणाऱ्या गटात तो झाला नाही. शेजारशेजारच्या खाटा असूनही एकाचा दुसऱ्याला लागला नाही. वॉर्ड हवेशीर आणि चकचकीत असूनही पहिला गट वाचला नाही. म्हणजे जंतू आणि कोंदट हवा हे दोन पक्ष बाद झाले. पण उन्हाळा आला तसा तेलवाल्यांचाही विजय अर्धा राहिला. उन्हाळ्यात कोणत्याच गटात मुडदूस झाला नाही! आहार तोच, साखर तीच, तेल नाही, तरी हाडं नीट. ज्यांना आधीच रोग झाला होता अशा बाळांना मग तीन प्रकारे बरं करून पाहिलं. कोणाला तेल, कोणाला पाऱ्याचा दिवा, कोणाला गच्चीवरचं ऊन. तिन्ही प्रकारे एक्स-रेवर तीच पांढरी रेघ उमटली.

हे वाचताना मला एका ठिकाणी अडखळायला झालं. तेल उपयोगी असेल अशी शंका असताना अर्ध्या बाळांना ते दिलंच नाही, हे बरोबर होतं का? आज अशा प्रयोगाला कुठलीही समिती सहज परवानगी देणार नाही. पण तेव्हाची परिस्थिती पाहिली तर पहिल्या गटाचा आहार हा त्या रुग्णालयातला नेहमीचा, उत्तम समजला जाणारा आहारच होता. शहरातल्या बहुतेक बाळांना तेवढाही मिळत नव्हता. आणि एक्स-रेवर रोगाची खूण दिसली की त्या बाळावर उपचार होत होते. तरीसुद्धा प्रश्न उरतोच, आणि तो उरावा असं मला वाटतं. आपण ज्या थेंबांवर आज घरात वाद घालतो त्यांच्यामागे त्या वॉर्डातली नाव माहीत नसलेली बाळं आहेत.

सगळं काम १९२३ मध्ये जाड अहवाल म्हणून छापून आलं. पिर्के यांनीही निकाल मान्य केला. ऊनवाले आणि तेलवाले दोघेही बरोबर होते. दोघं एकाच गोष्टीची दोन दारं दाखवत होते. अमेरिकेत मॅकॉलम यांनी १९२२ मध्ये कॉडलिव्हर ऑइल तापवून त्यात हवा सोडली, त्यातलं 'अ' जीवनसत्त्व नष्ट केलं, तरी ते मुडदूस बरा करत होतं. मग त्या उरलेल्या गोष्टीला क्रमाने चौथं अक्षर मिळालं, 'ड'. पण उन्हात जीवनसत्त्व कसं असेल?

याचं उत्तर एका चुकीतून आलं. ह्यूम आणि स्मिथ या चिकबाईंच्याच गटातल्या दोघींनी उंदरांच्या काचेच्या बरण्या अतिनील दिव्याखाली ठेवल्या, उंदीर बाहेर काढून. नंतर उंदीर आत सोडले तर ते नीट वाढू लागले. त्यांनी १९२३ मध्ये लिहिलं की किरणांनी हवेत काहीतरी होत असावं. पण खरं कारण बरणीत तळाला असलेला लाकडाचा भुसा होता. त्यावर किरण पडले होते आणि उंदीर तो खात होते. हेही त्यांनीच पुढच्या वर्षी शोधून कबूल केलं. त्याच सुमारास अमेरिकेत स्टीनबॉक यांनी अन्नावरच अतिनील किरण टाकले की ते मुडदूस रोखतं हे दाखवलं. पुढे कळलं की आपल्या त्वचेतच कोलेस्टेरॉलचा एक भाऊबंद असतो, त्यावर साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण पडले की 'ड' तयार होतं. यकृत आणि मूत्रपिंड त्यावर एकेक प्रक्रिया करतात आणि मग ते आतड्याला अन्नातलं कॅल्शियम ओढून घ्यायला लावतं. काँक्रीटचा ट्रक साइटवर आणणारा हाच माणूस!

चिकबाईंचं पुढचं आयुष्यही कामातच गेलं. 'ब' गटाची जीवनसत्त्वं, पेलाग्रा, लीग ऑफ नेशन्सच्या आहारविषयक समितीचं सचिवपद. त्यांनी लग्न केलं नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा त्यांचा विभाग केंब्रिजला मार्टिन यांच्या घरी हलवला. तिथे त्यांनी गव्हाचा कोंडा-अंकुर फार न काढता दळलेलं पीठ किती पौष्टिक असतं यावर काम केलं. त्याच युद्धात ब्रिटनने लहान मुलांना कॉडलिव्हर ऑइल आणि संत्र्याचा रस वाटायची योजना काढली, मार्गरीनमध्ये 'अ' आणि 'ड' घालणं सक्तीचं केलं. व्हिएन्नातला वॉर्ड आता सगळ्या देशाएवढा झाला होता.

पण इथेच एक धडाही मिळाला. १९५० नंतर ब्रिटनमध्ये काही बाळं वेगळ्याच तक्रारीने येऊ लागली. भूक नाही, उलट्या, वजन वाढत नाही, आणि रक्तात कॅल्शियम जास्त. दुधाच्या पावडरीत 'ड', बाळाच्या खिमटीत 'ड', वर चमचाभर तेल. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं, पण बेरीज कोणी केली नव्हती. १९५७ मध्ये हे प्रमाण कमी करावं लागलं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्तीचं लघवीतून निघून जात नाही. म्हणून कमी पडलं तर हाडं वाकतात आणि जास्त झालं तर मूत्रपिंडावर येतं.

चिकबाई १९४५ मध्ये सत्तराव्या वर्षी निवृत्त झाल्या, म्हणजे कागदोपत्री. १९४९ मध्ये त्यांना डेम हा किताब मिळाला. १९५६ ते १९५९ त्या तिथल्या न्यूट्रिशन सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. १९७१ मध्ये, ९६ व्या वर्षी, त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर लिस्टर इन्स्टिट्यूटचा इतिहास प्रसिद्ध केला. ज्या संस्थेत त्यांना घेऊ नका अशी विनवणी झाली होती तिचा इतिहास त्यांनीच लिहिला! आणि १९७६ मध्ये, वय वर्षं १०१, व्हिएन्नातल्या त्या दिवसांवर त्यांचा लेख छापून आला. ९ जुलै १९७७ ला केंब्रिजमध्ये त्या गेल्या. १०२ वर्षांच्या होऊन.

हे सगळं वाचून मी पंच म्हणून घरी परत बसलो. आजीला सांगितलं की तिचं ऊन खोटं नव्हतं. पण ती वाड्याच्या अंगणात होती, मुलं दिवसभर उघडी खेळायची. ताईचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, ऊन येतं ते खिडकीच्या काचेतून, आणि काच नेमके तेच किरण अडवते. शिवाय सकाळचं कोवळं ऊन अंगाला छान लागलं तरी सूर्य खाली असल्याने त्यात ते किरण फार थोडे असतात, आणि दुपारच्या उन्हात एवढ्याशा बाळाला ठेवता येत नाही. आईच्या दुधात बाकी सगळं असलं तरी 'ड' कमीच असतं. म्हणून आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट द्यायला सांगतात. ४०० युनिट म्हणजे १० मायक्रोग्रॅम, एका ग्रॅमचा एक लाखावा भाग.

ताईलाही एक गोष्ट सांगितली. हे थेंब म्हणजे जितके जास्त तितके चांगले असं नाही. मोठ्या माणसांना मिळणारी ६०,००० युनिटची पुडी म्हणजे बाळाचे १५० दिवस एका पुडीत. ती चुकून रोज देणारे पालकही असतात. म्हणून बाटलीवर किती थेंबांत किती युनिट आहेत ते वाचायचं, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच द्यायचं, आणि दुसऱ्या कुठल्या टॉनिकमध्येही 'ड' आहे का ते बघून बेरीज करायची. आणि वरचं खाणं सुरू झालं की आजीचं नाचणीसत्त्व हवंच, कारण ट्रक आणणारा माणूस आला तरी ट्रकमध्ये कॅल्शियम असायला लागतं ना!

आजीने सगळं ऐकून घेतलं. थेंब आता तीच देते, रोज आंघोळीनंतर, मोजून. तेल चोळणं तिने सोडलेलं नाही, आणि त्याला कोणाची हरकतही नाही.

मित्रांनो, आपणही दुपारी बारा वाजेपर्यंत झोपतो, मग क्लास, लॅब, नाहीतर कॉम्प्युटरसमोर. तेव्हा पुढच्या वेळी 'चिक्स लॉ' पाठ करायचा असेल तर पुस्तक घेऊन जरा ग्राउंडवर या. आणि पेपरात नियम लिहिताना शेजारी पूर्ण नाव लिहा, हॅरिएट चिक, १९०८. मार्क वाढणार नाहीत, पण ते मिशाळ साहेबाचं नाव नाही हे निदान पेपर तपासणाऱ्यांना तरी कळेल.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी